चिगरीतला उतारू

बुद्धी भ्रमिष्ट झालेल्या माणसांसाठी धारवाडात १८४५ पासून सोय आहे. लोकांच्या तोंडी ते ठिकाण पिढ्यान्‌पिढ्या ‘वेड्यांचे इस्पितळ’च राहिले आणि अलीकडे त्याला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था असे भारदस्त नाव लाभले. परंतु ज्याची बुद्धी शाबूत आहे, ज्याचा पगार वेळेवर होतो, आणि तरीही हुबळीच्या कचेरीतून सायंकाळी परतताना ज्याला घराची ना ओढ वाटते ना धास्ती, अशा इसमाने आपली फिर्याद कोणत्या दप्तरी गुदरावी, हा प्रश्न मला हल्ली छळतो. सदरहू इसम बव्हंशी मीच, हे येथे नमूद करणे इष्ट.

१९६२ साली दोन्ही शहरांची महानगरपालिका एक झाली, तरी मधले वीस किलोमीटर काही मिटले नाहीत. कवी बेंद्र्यांच्या नावाने धावणाऱ्या खासगी बसमधील (घरी मराठी बोलणाऱ्या त्या कन्नड महाकवीला हा मान गमतीचाच वाटला असता) धक्के, घाम आणि आरडाओरडा यांचा मला मनस्वी वीट येई. परंतु चार दिवस रजेवर राहिलो, तर पाचव्या दिवशी कंडक्टर ‘यल्लि होगिद्री, रायरे?’ (कोठे गेला होतात, राव?) म्हणून खडसावी, आणि आपली गैरहजेरी कोठेतरी नोंदली गेली, एवढ्या दाखल्यावर माझे मन आठवडाभर तरत असे.

पुढे, २०१८ साली, चिगरी बस आली. कन्नडात चिगरी म्हणजे हरिण. तिला स्वतंत्र मार्ग, थंड हवा, काचेची दारे. तिकीट स्थानकावरच मिळते, त्यामुळे आत कंडक्टर नाही. रस्ता रुंदावताना सावलीची झाडे गेली, हे खरे; तरी ती वेळेवर येते, माझे गुडघे तिला दुवा देतात, आणि मी काही तिला सोडणार नाही.

एकांताचेच म्हणाल, तर कथाकार जी. ए. कुलकर्णी याच धारवाडात इंग्रजी शिकवीत, माणसांचा संसर्ग कटाक्षाने टाळीत, कित्येक वर्षे राहिले. पण त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड भरले. त्यांचा एकांत टपालखात्याच्या भरवशावर उभा होता. माझ्याकडे टपालाने फक्त विजेचे बिल येते.

चिगरीत माझ्यासमोर नित्य बसणारे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. उणकलचे तळे मागे पडेपर्यंत कंडक्टरचा तो प्रश्न माझ्या जिभेवर घोळत होता. परंतु त्यांच्या कानांत बोंडे होती, नजर फोनमध्ये होती, आणि नवनगरला ते उतरून गेले.