गव्हाण आपल्याच गोठ्यातली

डिसेंबर उजाडला की नगरच्या बाजारपेठेत कापसाच्या दाढीचे लाल अंगरखे, प्लास्टिकची सूचिपर्णी झाडे आणि त्यांवर शिंपडावयाचे पांढरेशुभ्र कृत्रिम हिम यांची दुकाने मांडली जातात. आणि ज्या जिल्ह्याने पावसाची वाट पाहण्यात पिढ्यान्‌पिढ्या घालविल्या, त्या जिल्ह्यातील आईबाप मुलांच्या हट्टापायी हिम विकत घेताना पाहून हसावे की कौतुक करावे हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु नाताळ म्हणजे ही खरेदी, आणि ती ज्याला परवडली नाही त्याच्या मुलांचा सण बुडाला, असा जो समज ख्रिस्ती कुटुंबांतच नव्हे, तर शाळाशाळांतून सर्वत्र रूढ होऊ पाहत आहे, त्याबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. नगर जिल्ह्याचा नाताळ मूळचा घरात, मराठीत आणि हातांनी घडविलेला सण आहे, आणि मुलांच्या पदरी घालायचा तर तोच घातला पाहिजे.

हा सण आपल्याकडे साहेबाने तयार आणून दिला अशी समजूत असेल तर इतिहासाचे दप्तर थोडे चाळून पाहावे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरास पडले ते १८३१ साली. त्या मिशनऱ्यांना धाडणारी संस्था बोस्टनची, आणि त्यांची धर्मपरंपरा न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची. त्या परंपरेला नाताळच्या उत्सवाचे इतके वावडे होते की, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करण्याचा कायदाच जारी झाला होता. तो १६८१ मध्ये रद्द झाला खरा, तथापि त्या मुलखात नाताळची सरकारी सुटी मंजूर व्हायला १८५६ साल उजाडावे लागले, म्हणजे तोवर नगरचे ठाणे पंचवीस वर्षांचे झाले होते! अशा कर्मठ वातावरणातून आलेल्या माणसांनी आमच्या आजी-पणज्यांना करंज्या आणि आकाशकंदील शिकविले असतील, हे संभवत नाही. लठ्ठ, हसऱ्या सांताक्लॉजचे आज प्रचलित असलेले रूप तर टॉमस नॅस्ट नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १८६३ पासून पुढे घडवीत नेले. नगरात ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक छापले जाऊ लागले ते १८४२ साली. प्राचीन परंपरा कोणाची आणि नवी आयात कोणाची, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

गाण्यांचेही तसेच आहे. हेन्री बॅलंटाइन या मिशनऱ्याने नगरास राहून पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते रचली, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु ख्रिस्तजन्माची कथा टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तनात उभी राहिली आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या एतद्देशीय कवींनी ती देशी चालींत बसविली, तेव्हा कोठे ती चावडीवरच्या माणसाच्या कानी रुचू लागली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. फुलामुलांचे कवी म्हणून उभा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण नगर-राहुरीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना ते ओळखीचे आहेत ते रविवारी गाइल्या जाणाऱ्या भजनांतून. त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचा उंबरठा फारसा ठाऊक नव्हता. आणि मुलांना सण समजावून द्यायला आपण विद्वान नाही अशी सबब सांगणाऱ्या माउलींनी हा दाखला जरूर ध्यानी घ्यावा.

आता प्रत्यक्ष घरात काय करावे? माझ्या मते मुलांना भेटी कमी आणि कामे अधिक द्यावीत. ताऱ्याचेच उदाहरण घ्या. विजेचा झगमगता तारा दोन मिनिटांत टांगून होतो आणि तितक्याच वेळात मुलांच्या मनातून उतरतोही. घरी करायचा तारा मात्र आठवडाभर पुरतो: बांबूच्या कामट्या तासून सारख्या लांबीच्या करायच्या, पाच कामट्या एकमेकींत गुंफून एक पंचकोनी चौकट, तशीच दुसरी, दोन्हींची पाचही टोके सुतळीने करकचून बांधायची, आणि मग आतल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीचे ठोकळे दोन्ही चौकटींच्या मध्ये आडवे अडकवायचे, की सपाट दिसणारा तो सांगाडा एकाएकी पोट फुगवून उभा राहतो. हा क्षण पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पुढे खळ शिजविणे, पतंगी कागद कापणे, तो ताणून चिकटविणे आणि एखादे टोक हटकून फाटले की त्यावर ठिगळ लावणे. ठिगळ लावलेला तारा दारात टांगण्यास लाजू नये. तो आपल्या पोराने केला आहे हे गल्लीला कळण्याची तीच खूण.

गव्हाणीच्या बाबतीत तर आपली मुले लंडन-न्यूयॉर्कच्या मुलांहून शतपटीने भाग्यवान आहेत. तेथील बालकाला गव्हाण चित्रातच पाहावी लागते. नेवासे-राहुरीकडच्या पोराने तिच्यात स्वतः कडबा टाकलेला असतो, बैलाच्या श्वासाची ऊब हातावर घेतलेली असते, आणि तान्ह्या बाळाला तेथे निजवायचे म्हणजे काय प्रसंग असेल, हे त्याला कोणी फोडून सांगावे लागत नाही. एका परिचित घरी मी पाहिले, की पोळ्याला केलेले मातीचे बैल मुलांनी फडताळात जपून ठेवले होते आणि नाताळात तेच गव्हाणीपाशी येऊन बसले. एकाचे शिंग मोडलेले, दुसऱ्याची झूल अजून पोळ्याच्याच रंगाची. कोणा शास्त्रशुद्ध रसिकास ही सरमिसळ खटकेल, मला मात्र त्या मोडक्या शिंगाच्या बैलाइतका अस्सल बेथलेहेमकर दुसरा कोणी आढळला नाही.

कथा वाचावी ती लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातून, मराठीत, मोठ्याने, आणि आळीपाळीने मुलांकडूनच. तिचा आरंभ खानेसुमारीच्या हुकमाने होतो. रोमच्या बादशहाचे फर्मान सुटते, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे, आणि दिवस भरलेल्या बायकोला घेऊन एक सुतार वाटेला लागतो. येथे थोडे थांबून मुलांना शिवाराकडे पाहू द्यावे. दिवाळी सरता सरता पाथर्डी-शेवगावकडची बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि लेकरे बरोबर घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि ऐन नाताळात राहुरी-श्रीरामपूरच्या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या पाचटाच्या कोपी उभ्या असतात. त्या कोपींतून बाळंतपणेही होतात. जागा न मिळालेल्या दांपत्याची गोष्ट शिकवायला याहून जवळचा दाखला कोठे शोधणार? फराळाचे एक ताट त्या वस्तीवर मुलांच्या हातून जावे असे मी सुचवीन, मात्र छायाचित्र न काढता.

फराळावरून आठवले. करंजी, चकली, शंकरपाळे आणि अनारसे हेच आमच्याकडचे नाताळचे पक्वान्न. केक नंतरचा पाहुणा. दिवाळीत शेजारपाजारहून आलेल्या ताटांची परतफेड नाताळच्या दिवशी रुमालाने झाकलेल्या ताटांनी करण्याचा जो शिरस्ता आहे, त्याचे कारभारीपण मुलांकडे सोपवावे. कोणत्या घरी उपवास आहे, कोणाकडे मधुमेहाचे आजोबा आहेत, कोणते ताट रिकामे परत येत नाही, हे सारे त्यांना दोन वर्षांत मुखोद्गत होते. कातणे फिरवून करंजीची कड कातरण्याचे कामही सहा वर्षांच्या पोरीला जमते. कड वेडीवाकडी झाली तरी तळणीत ती खुसखुशीतच होते.

सांताक्लॉजवर माझा राग आहे असे कोणी समजू नये. ज्या बिशप निकोलसाच्या नावावर तो चालतो, ते चौथ्या शतकातील मायरा नगरीचे एक सत्पुरुष होते, आणि लेकरांना सोंगे आवडतातच. त्याने बहुरूप्यासारखे दारी यावे, चार माणसांना हसवावे, आपला शिधा घ्यावा आणि पुढच्या आळीस जावे. घराचा ताबा घेण्याची मुभा मात्र त्याला नसावी. ‘जिंगल बेल्स’च्या बाबतीत तर इतकेच सांगतो, की १८५७ साली छापलेले ते गाणे घसरगाडीच्या सहलीचे आहे आणि त्यात ख्रिस्ताचे किंवा नाताळचे नावही नाही. पोरांनी ते खुशाल म्हणावे. परंतु कॅरलच्या फेरीत तेवढेच येत असेल तर दोष पोरांचा नव्हे.

कारण अडचण खरी आहे ती येथेच. इंग्रजी माध्यमात शिकणारी आमची मुले देवनागरी अक्षर अडखळत लावतात, भजनाचे पुस्तक त्यांच्या हाती दिले तर ओळ संपेपर्यंत चाल पुढे निघून जाते, आणि मग चर्चमधील मागच्या बाकांवर ती नुसती ओठ हलवीत उभी राहतात. पाळकांनी आणि मंडळीच्या कारभाऱ्यांनी ठळक टायपात पंधरा-वीस भजनांची एक छोटी पुस्तिका काढण्याची तजवीज करावी. तोवर घरोघरी नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार आहेत, रविवारी एक याप्रमाणे चार भजने पाठ होण्यास ते पुरेसे आहेत. शब्द पुस्तकात सापडतील, चाल मात्र माणसांच्याच गळ्यात असते, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी असे वडीलधारे कोणी उरले नसेल त्यांनी मंडळीतील एखाद्या आजीबाईंना चहाला बोलवावे, मुलांना समोर बसवावे आणि चाल उतरवून घ्यावी. हे काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उरकावे. पुढे आजीबाई अनारशांच्या पिठात गुंततात आणि कोणाला सापडत नाहीत.