पडद्याचे इंच आणि स्वरलिपीचे पान

दहावीची परीक्षा आटोपली की पुष्कळ घरांतून टॅबलेट घेण्याची बोलणी सुरू होतात. अभ्यासाची पुस्तके, व्याख्यानांच्या चित्रफिती, थोडी करमणूक, आणि घरात कोणी वाद्य वाजवणारे असेल तर स्वरलिपी वाचण्याची सोय, असे सारे एकाच वस्तूकडून हवे असते. दुकानात गेले की विक्रेता प्रोसेसर, रॅम, कॅमेरा आणि पिक्सेल यांचे आकडे धडाधड सांगू लागतो. स्वरलिपी वाचणाऱ्याची खरी अडचण त्यांतल्या एकाही आकड्यात येत नाही. माझे स्पष्ट मत असे की, संगीतासाठी टॅबलेट निवडणे हा आधी भूमितीचा प्रश्न आहे, आणि लागणारी भूमिती नववीतल्या विद्यार्थ्याला येते. ती कोणी करत नाही म्हणून पालकांचे कष्टाचे हजारो रुपये एक तर अपुऱ्या पडद्यावर जातात, नाही तर नको तेवढ्या महाग पडद्यावर.

प्रथम कागदाकडे पाहू. व्हायोलिन, पियानो किंवा शाळेच्या बँडची पाश्चात्त्य स्वरलिपी आपण संगणकावरून छापून घेतो ती ए-४ कागदावर. हा कागद २९७ मिलिमीटर उंच आणि २१० मिलिमीटर रुंद. भागाकार केला तर १.४१४ येतात, म्हणजे २चे वर्गमूळ. हे प्रमाण योगायोगाचे नाही. असा कागद मधोमध दुमडला की अर्ध्या कागदाचे प्रमाणही तेच राहते. दुसऱ्या कोणत्याही आयताला हे साधत नाही. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग याने १७८६ साली एका पत्रात हा गुण सांगितला होता आणि १९२२ साली जर्मनीने तो कागदाच्या मापांचे प्रमाण म्हणून स्वीकारला. दुमडलेल्या कागदाचा हा गुण ध्यानात असू द्या. पुढे तोच आपले पैसे वाचवणार आहे.

आता पडदा. पडद्याचे माप कर्णावरून सांगतात, आणि फसगत होते ती इथेच. समजा पडदा १० इंची आहे आणि त्याच्या बाजू ४:३ या प्रमाणात आहेत. पायथागोरसचे ६-८-१० हे त्रिकूट तुम्हांला पाठ आहेच. तेव्हा पडदा ८ इंच लांब, ६ इंच रुंद आणि क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. दुसरा पडदाही १० इंचीच, पण प्रमाण १६:१०. त्याच्या बाजू येतात सुमारे ८.५ आणि ५.३ इंच, क्षेत्रफळ ४५ चौरस इंच. पाटीवर दोन्हीकडे १० इंचच लिहिलेले! कर्ण तोच ठेवून पडदा चिंचोळा करत गेलो तर क्षेत्रफळ शून्यापर्यंत नेता येईल, आणि जाहिरातीत इंच मात्र दहाच राहतील. आयपॅडचे पडदे बहुधा ४:३ किंवा त्याच्या आसपासचे असतात. अँड्रॉइडचे पुष्कळसे टॅबलेट १६:१०च्या जवळचे, कारण ते चित्रपट पाहणाऱ्याचा विचार करून घडवलेले आहेत.

या पडद्यांवर ए-४चे पान उभे बसवून पाहा. ४:३च्या पडद्यावर पान ६८ टक्क्यांवर येते, १६:१०च्या पडद्यावर ६४ टक्क्यांवर. छापील स्वरलिपीत पाच रेघांच्या पट्टीची उंची साधारण ७ मिलिमीटर असते. ती दुसऱ्या पडद्यावर साडेचार मिलिमीटर होईल. १३ इंची, ४:३ प्रमाणाच्या मोठ्या टॅबलेटवर पान ८९ टक्के राहते आणि पट्टी सव्वासहा मिलिमीटरची होते. किमतीतला फरक मात्र या टक्क्यांच्या मानाने फारच मोठा असतो.

साडेचार मिलिमीटर म्हणजे फार लहान काय? याचे उत्तर डोळ्याला विचारले पाहिजे. निरोगी डोळा सुमारे एक मिनिट कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत यालाच ‘कला’ म्हणतात. पुस्तक आपण ३५ सेंटिमीटरवर धरतो, पण वादकाचे स्टँड डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर तरी असते, कारण मध्ये वाद्य आणि हात असतात. पट्टीच्या दोन रेघांमधले अंतर, म्हणजेच स्वराच्या गोलाची उंची, छापील पानावर पावणेदोन मिलिमीटर. ७० सेंटिमीटरवरून ते साडेआठ मिनिटांचा कोन करते. ६४ टक्क्यांच्या पानावर ते १.१ मिलिमीटर होते आणि कोन साडेपाच मिनिटांचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता आठवा. त्यातली ६/६ची ओळ पाच मिनिटे उंचीच्या अक्षरांची असते. म्हणजे आपण मुलाला ती ओळ तासभर, तालात, एकही अक्षर न चुकता वाचायला लावतो, आणि गोल रेघेवर आहे की रेघांमध्ये हे चुकले तर तयारी कमी पडली म्हणून रागावतो! डोळे अवश्य तपासून घ्यावेत, पण त्याबरोबर पट्टीही मोजावी.

पिक्सेलची गोष्ट याच्या उलट आहे. १० इंची पडद्यावर १२८० × ८०० बिंदू असतील तर एक बिंदू सुमारे ०.१७ मिलिमीटरचा पडतो. ७० सेंटिमीटरवरून एक मिनिट म्हणजे ०.२ मिलिमीटर. याचा अर्थ, स्वस्तातल्या पडद्याचे बिंदूही स्टँडवर ठेवल्यावर डोळ्याला सुटे दिसत नाहीत. तोच टॅबलेट हातात घेऊन ३५ सेंटिमीटरवरून पुस्तक वाचू लागलात तर मर्यादा ०.१ मिलिमीटरवर येते आणि अक्षरांच्या कडा, विशेषतः आपल्या जोडाक्षरांच्या, खरबरीत दिसतात. तेव्हा जास्त बिंदू हवेत ते रोजच्या वाचनाला. संगीताला हवा तो आकार. दुकानात याच्या नेमके उलट सांगतात. रोज पुस्तके वाचायची असतील तर १९२० × १२०० बिंदूंचा पडदा घ्यावा, आणि तेवढा पुरे.

मग १३ इंची घ्यावा काय? ज्याचा पोटापाण्याचा उद्योगच वादनाचा आहे त्याने जरूर घ्यावा. विद्यार्थ्याने घेऊ नये, असे मी म्हणतो. इथे तो दुमडलेला कागद उपयोगी पडतो. ए-४चा अर्धा भाग आडवा धरला तर तो २१० × १४८.५ मिलिमीटरचा होतो. त्याचा कर्ण काढा: २५७ मिलिमीटर, म्हणजे १०.१ इंच! १० इंची टॅबलेट म्हणजे जवळजवळ नेमके अर्धे पान. तो आडवा ठेवून अर्धे अर्धे पान वाचले तर १६:१०च्या पडद्यावर पानाची पूर्ण रुंदी मूळ मापात बसते. उंचीत १४ मिलिमीटर कमी पडतात ते कोऱ्या समासातून निघतात. ४:३च्या पडद्यावर अर्धे पान ९७ टक्के मापात पुरे बसते. १३ इंची पडद्यावरच्या उभ्या पानापेक्षाही ही अक्षरे मोठी! फोरस्कोर किंवा मोबाइलशीट्स यांसारख्या कार्यक्रमांत असे अर्धे पान दाखवण्याची सोय असते.

याची किंमत एकच: पाने दुप्पट वेळा उलटावी लागतात. व्हायोलिनवाल्याचा एकही हात मोकळा नसतो. त्यासाठी ब्लूटूथने जोडलेले पायाचे पेडल मिळते, आणि टॅबलेटमध्ये वाचवलेल्या पैशांतला थोडा भाग त्यावर नि एका भक्कम स्टँडवर घालावा. हलक्या स्टँडवर अर्ध्या किलोचा टॅबलेट ठेवला की काय होते हे गुरुत्वमध्याच्या धड्यात आलेच आहे.

पेटीवाल्यांचे काय? त्यांचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, आणि मांडी घालून बसलेल्याला पायाच्या पेडलचा उपयोग कठीण. पण त्यांची अडचणच निराळी आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या स्वरलेखनपद्धतींत स्वर अक्षरांनी लिहितात, रेघांची पट्टी नसते, आणि एक बंदिश बहुधा पान-दोन पानांत संपते. मराठी पुस्तकांचा डेमी आकार सुमारे साडेआठ बाय साडेपाच इंच. १६:१०चा १० इंची पडदा जवळपास तेवढाच. इथे तो चिंचोळा, स्वस्त टॅबलेटच पानाला चपखल बसतो. एकच पडदा एका घरात अपुरा आणि शेजारच्या घरात पुरेसा असू शकतो तो असा.

साठवणक्षमतेसाठी जादा पैसे मोजू नयेत. ए-४चे पान दर इंचास ३०० बिंदू या हिशेबाने काळेपांढरे टिपले तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात, म्हणजे दाबून लहान न करताही जेमतेम ११ लाख बाइट. हजार पाने एका गिगाबाइटच्या आसपास बसतात. त्यापेक्षा कंपनी त्या टॅबलेटची प्रणाली किती वर्षे अद्ययावत ठेवणार हे विचारावे. वापरलेला टॅबलेट घेताना तर हे आधी विचारावे.

शाळेच्या बँडसाठी टॅबलेट घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांना एक सूचना. २६ जानेवारीच्या उन्हात मैदानावर कागदच ठेवा. उन्हातला पांढरा कागद दर चौरस मीटरला सुमारे २५,००० कँडेला तेजाने झळकतो. टॅबलेटचा पडदा ४०० ते ५००. काच समोरून आलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे वादकाच्या पांढऱ्या शर्टाचे प्रतिबिंबच १,००० कँडेलाचे, पडद्याच्या दुप्पट! ई-इंकचे पडदे कागदाप्रमाणे उन्हात वाचता येतात, पण त्यांचे पान बदलायला वेळ लागतो आणि चित्रफितींना ते निरुपयोगी. रोजच्या वापराच्या यादीतून ते बाद होतात.

माझ्या वयाच्या शिक्षकांसाठी आणखी थोडे. चाळिशीचा चष्मा बहुधा ४० सेंटिमीटरसाठी, म्हणजे अडीच डायॉप्टरच्या हिशेबाने दिलेला असतो. ७० सेंटिमीटरला १.४ पुरतात. त्या चष्म्याने स्टँडवरचे पान धूसर दिसले तर पडदा बदलून काही होणार नाही. डोळे तपासायला जाताना स्टँडचे अंतर मोजून न्यावे.

खरेदीपूर्वी हा प्रयोग करावा, खर्च शून्य. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात ८ × ६ इंचांची आणि ८.५ × ५.३ इंचांची अशा दोन खिडक्या कापाव्यात. आपल्या नेहमीच्या स्वरलिपीची झेरॉक्स १०० टक्के आणि ६४ टक्के मापात काढावी. लहान झेरॉक्स उभ्या खिडकीतून आणि मोठीचे अर्धे पान आडव्या खिडकीतून, दोन्ही ७० सेंटिमीटरवर ठेवून, संध्याकाळच्या नेहमीच्या दिव्यात दहा-दहा मिनिटे वाजवावे. जिथे अडखळायला होते तिथे जवळ बसलेल्या कोणाला तरी पेन्सिलीने खुणा करायला सांगावे. मग खुणा मोजाव्यात, आणि दुकानात जाताना तो पुठ्ठा बरोबर न्यावा.