वेताळाला मराठीतून कोणी हाकलले?

"हे सुपरहिरो-बिपरहिरो म्हणजे आपली संस्कृती नव्हे!" हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की आता वक्त्याने "सुप..." म्हटले की पुढचे मी मनातल्या मनात पूर्ण करतो. वक्ता बहुधा निवृत्त शिक्षक किंवा कुठल्यातरी संस्थेचा पदाधिकारी असतो. समोर शाळेतून रांगेने आणून बसवलेली भुरगी असतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या दप्तरावर स्पायडरमॅन असतो. भाषण संपते, टाळ्या पडतात, मुले स्पायडरमॅन पाठीवर घेऊन घरी जातात. संस्कृतीचे रक्षण झाले, बटाटवडे वाटले, फाइल बंद!

मला या फाइलवर एक टिपणी लिहायची आहे. कारकुनाचा हातच तसा. वरिष्ठांना आवडो न आवडो, कागदावर असेल ते मांडायचे.

पहिला मुद्दा. आमच्या पिढीला, म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्यांना, हे वीर पहिल्यांदा भेटले कुठे? शाळेत तर नाहीच. ते भेटले न्हाव्याच्या दुकानातल्या बाकड्यावर, रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात, बसस्टँडवरच्या पेपरवाल्याकडे, आणि मे महिन्यात मुंबईहून गावी येणाऱ्या चुलतभावाच्या ट्रंकेत. आंबे, फणस आणि इंद्रजाल कॉमिक्स, हे तिन्ही एकाच मोसमात यायचे. पुस्तके थोरल्यांची असायची. कव्हर गेलेले, कडा झुरळांनी खाल्लेल्या, शेवटचे पान हमखास गायब. गुन्हेगार कोण ते कळायचे, पण त्याचे पुढे काय झाले ते पुढच्या मे महिन्यात! माझ्या शाळेत एका गुरुजींनी असे एक कॉमिक माझ्या हातातून घेऊन त्याचे दोन तुकडे केले आणि वर "मराठी वाच" असे बजावले. ते कॉमिक मराठीच होते, हे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. माझा सगळा वाद या एका न पाहण्याशी आहे.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केले. त्यातला मुख्य वीर म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. वृत्तपत्रात तो पहिल्यांदा आला १९३६ साली, म्हणजे १९३८ च्या सुपरमॅनच्याही आधी. घट्ट कपडे, डोळ्यांवर मुखवटा, कवटीची अंगठी, कवटीच्याच आकाराची गुहा. याला उडता येत नाही, याच्या अंगात कसली दैवी शक्ती नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटते की हा मरतच नाही. चालतेबोलते भूतच म्हणा ना!

आता मराठीत याला काय म्हणायचे? ज्या कोणी 'वेताळ' हा शब्द योजला, त्याला मी मनोमन दंडवत घालतो. आणि हे दंडवत गोमंतकीयाने तर घालायलाच हवे. कारण आमच्या घरी वेताळ आधीपासून होता. आमोण्याला आहे, लोलयेला आहे. सासष्टीतली देवळे पोर्तुगीजांनी पाडली, तरी बेताळभाटी हे गावाचे नाव आजही उरले आहे. हा वेताळ रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, गाव राखतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहायच्या. आजीने हे सांगितलेले, आणि मग हातात पुस्तक येते. त्यातला वेताळही रात्री फिरतो, रान राखतो, दुष्टाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवतो. यात परके काय होते? आम्हाला तर वाटायचे, आपल्या वेताळाने कपडे बदललेत एवढेच!

त्यात तिसरा वेताळ होता चांदोबातला. चांदोबा मराठीत १९५२ पासून येत होता. त्यात शंकर या चित्रकाराने काढलेला विक्रम, खांद्यावर प्रेत, हातात तलवार... ते चित्र ज्याने पाहिले तो विसरलेला नाही. तीन वेताळ, एक देवळातला, एक गोष्टीतला आणि एक कॉमिकमधला. तिघेही दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात गुण्यागोविंदाने नांदत होते आणि तिघेही मराठी बोलत होते. मोठ्यांना मात्र त्यातला एकच दिसला, आणि तो 'परका' दिसला.

आता कोणी म्हणेल, अहो, पण त्या कथा वाईट होत्या. होत्या ना! तेही सांगतो, कारण आमच्या संस्कृतिरक्षकांनी कॉमिक कधी उघडलेच नाही, त्यामुळे त्यातले खरे वैगुण्य त्यांना सापडलेच नाही. फँटमची मूळ गोष्ट अशी. १५३६ साली चाचांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा खलाशी किनाऱ्याला लागतो, रानातले बुटके लोक त्याला वाचवतात, आणि पुढे चारशे वर्षे त्याचा वंश त्या रानावर हुकमत गाजवतो. गोरा रक्षक आणि काळी, भोळी प्रजा. मूळच्या चाच्यांचे नाव 'सिंग' आणि देशाचे नाव 'बंगाला' होते. आपल्याकडे कोणाला झोंबू नये म्हणून त्याचे 'सिंगा' आणि 'डेंकाली' झाले. नावे बदलली, गोरेपणा तसाच राहिला. १५१० साली गोवा काबीज केलेल्या गोऱ्या खलाशांच्या राज्यात साडेचारशे वर्षे राहिलेल्या माणसाला तरी ही गोष्ट खटकायला हवी होती की नाही? गोऱ्या खलाशांनी इथे कोणाचे काय राखले, ते आम्हाला ठाऊक आहे.

आणि इथे मला सुरतेजवळच्या सचिनची आठवण येते. सचिन म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते, पण हे एक गाव आहे, रेल्वे स्टेशन आहे, मोठी औद्योगिक वसाहत आहे. आणि १९४८ पर्यंत ते एक संस्थान होते. राज्य कोणाचे? सिद्दींचे. आफ्रिकी वंशाच्या, जंजिऱ्याच्या सिद्दींचे! जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सांगणाऱ्या बाळू मियाँ सिद्दीने तो हक्क पेशव्यांना सोडावा आणि बदल्यात सुरतेजवळची गावे घ्यावीत, असा करार १७९१ साली झाला. गंमत पाहा, गावे गेली, सचिनचे राज्य उभे राहिले, पण जंजिरा काही पेशव्यांच्या हाती आला नाही. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना जो जिंकता आला नाही, तो करारानेही मिळाला नाही.

म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसे आपल्या किनाऱ्यावर आरमार चालवीत होती, किल्ले लढवीत होती, गादीवर बसत होती. त्यांच्याही आधी मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जाऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांना पुरून उरला. मुखवटा, समुद्र, किल्ला, बदला, वंशपरंपरा... चित्रकथेला लागते ते सगळे इथे आयते पडलेले! आणि आम्ही पोरांना आफ्रिकी माणूस दाखवला तो गोऱ्या वेताळासमोर भाला खाली ठेवून उभा असलेला. हा दोष ली फॉकचा आहेच. पण सिद्दींची गोष्ट चित्रांतून सांगायला तो अमेरिकेतून यायचा होता काय? ती सांगायची होती आपण. विरोधी पक्षाचा माणूसही शूर असू शकतो, हे मुलांना सांगायची आपली तयारी नव्हती आणि चित्रकथा काढायची तर त्याहून नव्हती.

दुसरा आक्षेप, "चित्रे पाहून वाचनाची सवय मोडते." हा आक्षेप आपला स्वतःचाही नाही. अमेरिकेत १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, तिथे मोठे वादळ झाले, प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. म्हणजे कॉमिक परके म्हणून फेकायचे, आणि ते फेकण्याचे कारणही परदेशीच! माझा अनुभव विचाराल तर कॉमिक वाचणारी आमची सगळी टोळी पुढे वाचनालयात गेली. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आम्हाला वेताळानंतर भेटला. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड त्याच्यानंतर. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांनाही 'साहित्य' म्हणायला आपण किती खळखळ केली, ते आठवा. जो लेखक शेकड्यांनी वाचक तयार करतो त्याला बाहेर उभे करायचे आणि जो तयार वाचक संपवतो त्याला अध्यक्ष करायचे, ही आपली जुनी रीत.

शेजारी पाहू. बंगालीत नारायण देबनाथांनी १९६५ साली 'बांटुल दि ग्रेट' काढला. गंजी आणि हाफ पँट घातलेला, अनवाणी, गोळी छातीवर आपटून परत जाईल असा बलदंड वीर! शुकतारा मासिकात तो दशकानुदशके येत राहिला. देबनाथांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, २०२२ मध्ये ते वारले. तमिळमध्ये १९७२ पासूनचे मुत्तू कॉमिक्स आहे. हिंदीत राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. आणि अमर चित्र कथा १९६७ साली उभी करणारे अनंत पै मूळचे कारकळचे, घरची भाषा कोकणी. म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा माणूस! मराठीत काय? 'किशोर' आहे आणि चांगला आहे. चंपक, ठकठक येऊन गेले, चाचा चौधरीही मराठीत बोलला. पण मराठीतच जन्मलेला, महिन्यामागून महिना चित्रांतून भेटणारा आणि बाप-लेक दोघांनाही ठाऊक असलेला एक मुखवटाधारी वीर दाखवा. मी वाट पाहतो.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. त्याला कारणे धंद्याची असतील, टीव्हीची असतील. दुकान बंद झाले याचा राग नाही. राग याचा आहे की त्या जागी दुसरे दुकान उघडावे असे मराठीचे झेंडे मिरवणाऱ्या एकालाही वाटले नाही. उलट सुटकेचा निःश्वास टाकला गेला.

त्याचे फळ कुठे दिसते सांगू? माझी एक मावसबहीण लग्न होऊन त्याच सचिनला गेली. नवरा जळगावकडचा, तिथल्या कारखान्यात. सुरतेत खानदेशी मराठी माणूस इतका आहे की महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. पोर घरात मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. त्याला नागराज भेटला तो हिंदीतून, स्टेशनवरच्या स्टॉलवर. वाचनाची गोडी लागली ती हिंदीची. आज तो मराठी सफाईने बोलतो, आणि मराठी पुस्तक हातात दिले तर दोन पानांत ठेवून देतो. "मामा, हळू वाचतो मी मराठी," म्हणतो. त्याने मराठी सोडली नाही. दहाव्या वर्षी मराठीने त्याला काही दिले नाही, एवढेच.

आणि सचिन तर लांब राहिले. आपल्या गोव्यात वेगळे काय आहे? माध्यमाच्या प्रश्नावर आपण १९९० पासून भांडतो आहोत. २०११ साली इंग्रजी शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. मीही त्या सभांना गेलो आहे. मराठी आणि कोकणी असा एरव्ही न जमणारा मेळ तिथे जमला होता. अनुदान कोणत्या शाळेला, यावर आपण घसा कोरडा केला. पण शाळा सुटल्यावर चार वाजता ते मूल काय वाचणार, यावर एकही ठराव झाल्याचे मला आठवत नाही. चार वाजल्यानंतरचे मूल आपण इंग्रजीला फुकट देऊन टाकले. त्याला एकही मोर्चा लागला नाही.

म्हणून माझी टिपणी थोडक्यात. एक, गावोगावच्या वाचनालयांनी लोकांच्या माळ्यावर पडलेली जुनी मराठी कॉमिक्स मागून घ्यावीत आणि जपावीत. ती रद्दी नाही, दोन पिढ्यांच्या वाचनाचा इतिहास आहे. दोन, साहित्य संमेलनात मुलांना रांगेने बसवून उपदेश करण्याऐवजी चित्रकारांना आणि लेखकांना एका टेबलावर बसवावे. गोव्यात चित्रकारांना तोटा नाही. तीन, जे कादंबरीला बक्षीस मिळते तेच चित्रकथेला मिळावे, उत्तेजनार्थ नव्हे. विषय शोधायला लांब जायला नको. आमोण्याच्या वेताळापासून जंजिऱ्याच्या सिद्दीपर्यंत किनारा भरलेला आहे.

हे होणार नसेल तर निदान ते भाषण बंद करा. ज्या भाषेने दहा वर्षांच्या मुलाला एकही वीर दिला नाही, तिने ते मूल चाळिशीत आपले वर्गणीदार व्हावे अशी अपेक्षा धरू नये. वेताळ परका होता म्हणून गेला नाही. त्याच्या वहाणा झिजल्या, आणि नव्या वाहायला आपल्यापैकी कोणी उठले नाही.