हळू व्हीली आणि उजवा पाय

मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं म्हणजे व्हीली. हा शब्द काढला की दोनच प्रतिक्रिया येतात. पोरं म्हणतात, "लय भारी!" आणि काकालोक म्हणतात, "आईबापांनी गाडी घेऊन दिली ना, मग असंच होणार." माझं मत या दोघांनाही पटणार नाही, पण मांडून बघतो.

शनिवार-रविवारी माकुणसारहून केळव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की दर थोड्या वेळाने एक बाईक कर्णकर्कश आवाज करत, पुढचं चाक उचलून जाते. दहा-वीस मीटर जाते न जाते तोच चाक धाडकन खाली आपटतं. बघणाऱ्याला वाटतं, काय कंट्रोल आहे! माझ्या मते तिथे कंट्रोल सोडून बाकी सगळं असतं.

का ते सांगतो. थ्रॉटल पिळून उचललेलं चाक बहुतेक वेळा फार वर गेलेलंच नसतं. ते तसं अर्धवट हवेत ठेवायचं तर गाडीचा वेग सतत वाढवत राहावा लागतो. इंजिनाची ताकद संपली की चाक खाली. म्हणजे गाडी स्वाराला नेत असते, स्वार गाडीला नाही. आणि पुढचं चाक हवेत असताना पुढचा ब्रेक आणि हॅंडल दोन्ही बिनकामाचे. समोरून एसटी आली, कुत्रं आडवं आलं, तर करणार काय?

हळू व्हीली हा वेगळाच प्रकार आहे. यात गाडी इतकी उभी होते की स्वार आणि गाडी यांचं मिळून वजन बरोबर मागच्या चाकाच्या टेकूवर येतं. याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. तिथे पोचलं की वेग वाढवायची गरजच उरत नाही. माणूस चालतो त्या वेगानेही गाडी एका चाकावर चालू शकते. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरायचो ना, तेच हे. काठी पुढे कलली की हात पुढे, मागे कलली की हात मागे. गाडी पुढे पडायला लागली की थोडा थ्रॉटल, मागे पडायला लागली की थोडा मागचा ब्रेक. पायाखालचा ब्रेक दाबला की जमीन चाकाला मागे ढकलते आणि गाडीचं नाक खाली येतं.

म्हणजे व्हीलीतला सगळ्यात महत्त्वाचा अवयव उजवा मनगट नसून उजवा पाय आहे!

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक साधा नियम असतो : नवीन कोड लाईव्ह टाकण्याआधी तो मागे कसा घ्यायचा ते ठरवून ठेवा. इथेही तेच. चाक उचलायला शिकण्याआधी ते खाली आणायला शिकायचं. आधी दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून, अर्धा क्लच धरून, मागच्या ब्रेकवर गाडी मुंगीच्या गतीने चालवायची, आठचे आकडे काढायचे. मग चाक वीतभरच उचलायचं आणि लगेच ब्रेकने खाली घ्यायचं. पाय आपोआप दाबला जाईपर्यंत हेच. उंची नंतर. कंटाळवाणं आहे, मान्य. पण रियाज कुठल्या कलेत मजेशीर असतो?

मुरलेले स्टंट रायडर तर गाडीसुद्धा हळू करून घेतात. मागे मोठं स्प्रॉकेट बसवतात, म्हणजे पहिला गिअर अजून सावकाश होतो. मागच्या टायरची हवा कमी करतात, इंजिनाभोवती लोखंडी पिंजरा लावतात, मागच्या ब्रेकला हाताचा जादा लिव्हर जोडतात. अशी गाडी रस्त्याच्या कामाची राहत नाही, आणि ती रस्त्यावर आणूही नये.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्या गुन्ह्यात १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे योग्यच आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. रस्त्यावर व्हीली मारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. त्याच्या हौसेची किंमत समोरून येणाऱ्या माणसाने का द्यावी?

पण नुसत्या दंडाने हौस मरत नाही. ती पोलीस नसलेल्या रस्त्यावर जाते, एवढंच. आणि तिथे हळू शिकायला वेळ नसतो. कुणी बघायच्या आत चाक उचलायचं आणि पळायचं. म्हणजे जो प्रकार सगळ्यात धोक्याचा, तोच या पोरांच्या वाट्याला येतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न दुसऱ्या एका खेळात हाताळलेला आहे. दहीहंडी! थर कोसळत होते, गोविंदा जायबंदी होत होते, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १४ वर्षांखालच्या मुलांना वर चढवायचं नाही असं ठरलं, आणि २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. मल्लखांबाचंही बघा. गुळगुळीत खांबावर उलटं लटकणं काही कमी धोक्याचं नाही, पण तिथे गुरू असतो, खाली गादी असते, कशानंतर काय शिकायचं ते ठरलेलं असतं. म्हणून आपण त्याला व्यायाम म्हणतो, टवाळकी म्हणत नाही.

मग बोईसर, तारापूर किंवा पालघरकडे एखादं बंदिस्त डांबरी आवार रविवारी सकाळी दोन तास का मिळू नये? एमआयडीसीचा रस्ता नको, तिथे टँकर असतात. केळव्याची वाळूही नको, तिथे मागचं चाक घसरतं, खारं पाणी चेन खातं आणि मुलं किल्ले बांधत बसलेली असतात. साधं कुंपणाचं आवार हवं. अठरा पूर्ण, लायसन्स, हेल्मेट, गुडघ्या-कोपरांना पॅड, शिकवायला एक जाणता माणूस, आणि जवळ अँब्युलन्स. यात सरकारचं दिवाळं निघण्यासारखं काही नाही.

काही पोरं पहिल्याच दिवशी पळून जातील, कारण तिथे बघायला कुणी नसेल आणि चाक वीतभरच उचलायचं असेल. जाऊ देत. उरतील त्यांना खरंच शिकायचं असेल.

तोवर एक करता येईल. तुमच्या ओळखीचा कुणी "मला व्हीली येते" म्हणाला, तर किती लांब मारतोस असं विचारू नका. चाक वर असताना तुझा उजवा पाय कुठे असतो, एवढंच विचारा.