वळणाऱ्याचीच चूक?

आपल्याकडे डावीकडे वळणे हे चौकातले सगळ्यात बिनघोर काम. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. त्यामुळे तिथे डावीकडे वळायचे म्हणजे समोरून येणारी सगळी वाहतूक छेदून जायचे. अशा वळणावर धडक झाली, की ‘वळत कोण होते?’ या प्रश्नाच्या उत्तरावरच दावा अर्धा निकालात निघतो.

या समजुतीला कायद्याचा आधार आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २१८०१ नुसार, समोरून येणारी गाडी धोका ठरेल इतकी जवळ असेल तर डावीकडे वळणाऱ्याने थांबून तिला आधी जाऊ द्यायचे असते. इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. नियम योग्यच आहे, कारण सरळ जाणाऱ्याला प्रत्येक चौकात समोरच्याच्या मनातले ओळखत बसता येणार नाही. पण वळणाऱ्याने वाट द्यायची, एवढेच हा नियम सांगतो. सरळ येणाऱ्याने कसेही यावे, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

लॉस एंजेलिसमधल्या अल्वाराडो स्ट्रीटवर नोव्हेंबर १९६८ मध्ये झालेल्या अपघातात हा गुंता लख्ख दिसतो. उत्तरेकडे निघालेली एक महिला समोरच्या तीन मार्गिका ओलांडून डावीकडच्या पेट्रोल पंपात शिरत होती. तेवढ्यात पिवळ्या दिव्यावर चौक पार करून आलेली टॅक्सी तिच्या गाडीच्या मागच्या उजव्या भागावर आदळली. मागच्या भागावर, म्हणजे वळण जवळपास पुरे होत आले होते. टॅक्सी नको तितक्या वेगात होती, हे खालच्या न्यायालयाने मान्य केले. पण टॅक्सी जवळ आलेली असताना वळणे हीही हयगयच, असे ठरवून त्याने तिला एक डॉलरही मिळू दिला नाही.

फिर्यादीचा दोष रतीभर असला तरी दावा शून्य, हा तेव्हाचा नियम. त्याचे मूळ १८०९ च्या एका इंग्लिश खटल्यात सापडते. रस्त्यात आडवा टाकलेला वासा चुकवता न आलेल्या भरधाव घोडेस्वाराला तेव्हा भरपाई नाकारली गेली होती. घोड्यांच्या जमान्यातला हा न्याय तीनपदरी रस्त्यावरच्या मोटारींना लावला जात होता! अल्वाराडो स्ट्रीटवरच्या याच अपघाताच्या ‘ली विरुद्ध यलो कॅब’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तो मोडीत काढला. ज्याचा जितका दोष, तितकी त्याची जबाबदारी, असे नवे सूत्र आले. भारतातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांना दोषाची अशी टक्केवारी नवी नाही.

अमेरिकेत मात्र आजही एकवाक्यता नाही. समजा नुकसान एक लाख डॉलरचे आहे आणि वळणाऱ्याचा दोष साठ टक्के ठरला. कॅलिफोर्नियात किंवा न्यूयॉर्कमध्ये त्याला चाळीस हजार मिळतील. टेक्सास आणि न्यू जर्सीत काहीच नाही, कारण तिथे दोष निम्म्याहून अधिक झाला की दावा संपतो. फ्लोरिडाही २०२३ मध्ये याच गटात गेला. व्हर्जिनियात तर दहा टक्के दोषही दावा बुडवायला पुरेसा आहे.

म्हणूनच पुराव्याच्या बारकाव्यांना मोल येते. पोचा पुढच्या दारावर पडला की मागच्या चाकाजवळ, दिवा पिवळा होऊन किती सेकंद झाले होते, समोरच्याने ब्रेक दाबला का, गाडीतल्या नोंदयंत्राने वेग किती टिपला, यातून दोषाचे पारडे इकडचे तिकडे होऊ शकते. ‘वळणाराच चुकला’ म्हणून फाइल बंद करणाऱ्या विमा कंपनीला यातले काहीच तपासावे लागत नाही. हा आळस तिच्या फायद्याचा असतो.

रस्त्याच्या रचनेचा दोष या हिशेबात बहुधा धरलाच जात नाही. खरे तर डावे वळण धोक्याचे आहे, हे सगळेच जाणून आहेत. यूपीएस ही पार्सल कंपनी मार्ग आखताना ते शक्यतो टाळते. डाव्या वळणांवर पादचारी आणि सायकलस्वारांचे मृत्यू उजव्या वळणांच्या दुपटीहून अधिक होतात, असे न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाच्या २०१६ च्या पाहणीत दिसले. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना ‘जगहँडल’ चांगलेच ठाऊक असतात: जायचे डावीकडे, पण आधी उजवीकडच्या फाट्यावर उतरून वळसा घ्यायचा. नवख्याला वैताग येतो, पण त्या चौकात समोरच्या गाड्यांमधली फट हेरण्याचा जुगार चालकाला खेळावा लागत नाही. जिथे वळणासाठी वेगळा हिरवा बाणही दिलेला नाही, तिथे हा जुगार लोकांना खेळायला लावायचा आणि हरल्यावर सगळा दोष त्यांच्या माथी मारायचा, हे न्यायाचे नाही.

मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१३ मध्ये रतीभर दोषावरही दावा बुडवणारा तो जुना नियम टाकून देण्याची संधी होती. बदल विधिमंडळाने करावा, असे म्हणून बहुमताने ती सोडली. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींनी या नियमाला राज्यात अजून हिंडणारा डायनोसॉर ठरवले. शेजारच्या वॉशिंग्टन शहराने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांना त्याच्या जबड्यातून सोडवले. त्या कायद्याने डावीकडे वळणाऱ्या मोटारचालकाला मात्र ही सवलत दिली नाही.