निरीक्षक घरी गेल्यावर

मध्यंतरी आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. बिल्डर निवडायचा होता, त्यामुळे उपनिबंधक कार्यालयातून एक अधिकारी हजर होते आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग चालू होतं. साहेब कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांनी कोरम मोजला, दोन कप चहा घेतला, नोंदी केल्या आणि बाकी चकार शब्द काढला नाही. शेजारी बसलेला मित्र कुजबुजला, "अरे, हे साहेब नक्की करतात काय?"

एकेक सभासद पुढे जाऊन सही करत होता. तळमजल्यावरचे काका उठलेच नाहीत. सगळ्यांनी पाहिलं, कॅमेऱ्यानेही पाहिलं. साहेब रिपोर्ट घेऊन गेले, मीटिंग शंभर टक्के नियमात. दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये काकांशी बोलायला कोणी थांबेना.

आणि मला पूर्व तिमोर आठवलं. (तुलना अगदीच विषम आहे, मान्य. आमच्याकडे फार तर अबोला होतो, तिथे माणसं मेली. पण मित्राच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच नीट सापडतं, म्हणून हा सगळा खटाटोप.)

गोव्यासारखीच पूर्व तिमोर ही पोर्तुगीजांची वसाहत. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने सैन्य घुसवून ती घेतली. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, त्यांच्या जागी हबीबी आले आणि जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी सगळ्यांनाच चकित केलं: तिमोरी लोकांना विचारू, इंडोनेशियात राहून स्वायत्तता हवी की नको. ५ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला. मतदान संयुक्त राष्ट्रं घेणार, आणि सुरक्षा... इंडोनेशियाचे पोलीस बघणार! म्हणजे ज्यांना हाकलायचं की नाही हे लोक ठरवणार, त्यांनाच दारावर उभं केलेलं. कराराची ही ओळ वाचताना आजही डोकं भणभणतं.

आता गंमत बघा, मतदानाचा भाग मात्र ज्यांनी बांधला त्यांना सलाम करावा असा होता. इंडोनेशिया आणि पोर्तुगाल, दोघांनाही सारख्याच संख्येने अधिकृत निरीक्षक पाठवायची मुभा. शिवाय कार्टर सेंटरसारख्या संस्थांचे निरीक्षक, स्थानिक निरीक्षक वेगळे. सगळ्यांवर तीन जणांचा स्वतंत्र निवडणूक आयोग: एक दक्षिण आफ्रिकेचे, एक उत्तर आयर्लंडचे आणि एक दक्षिण कोरियाच्या. तक्रारी ऐकून 'हे मतदान ग्राह्य आहे की नाही' हे सांगायचं काम त्यांचं. मतदान घेणारे वेगळे, बघणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे.

निरीक्षकाचं काम तसं कंटाळवाणंच. पेटी सकाळी रिकामी होती का, सील कोणी लावलं, सीलचा नंबर संध्याकाळी तोच आहे का, पेटी कोणाच्या गाडीतून गेली. हात लावायचा नाही, सूचना द्यायच्या नाहीत, फक्त लिहायचं. आमच्या भाषेत रीड-ओन्ली अॅक्सेस. बऱ्याच जणांना हे दुबळेपण वाटतं. मला नाही वाटत. ज्याला डेटा बदलता येतो त्याच्या 'डेटा बरोबर आहे' या म्हणण्याला काय किंमत? सोसायटीतल्या त्या साहेबांनी तोंड उघडलं नाही, हेच त्यांचं काम होतं.

निरीक्षक कोणी नेमला, हे मात्र जरूर बघावं. मार्च २०१४ मध्ये क्रिमियात सार्वमत झालं तेव्हा तिथेही निरीक्षक होतेच की. तिथल्या रशियाधार्जिण्या सरकारने युरोपातून निवडून बोलावलेली राजकारणी मंडळी, त्यांतले बरेचसे अतिउजव्या पक्षांचे. त्याआधी काही दिवस ओएससीई या युरोपीय सुरक्षा संघटनेच्या लष्करी निरीक्षकांना मात्र क्रिमियाच्या नाक्यावरूनच परत पाठवलं होतं. स्वतःच्या कोडचा रिव्ह्यू स्वतःच्या मेव्हण्याकडून करून घेण्यातला प्रकार.

असो. परत तिमोर.

३० ऑगस्ट १९९९. त्याआधी कित्येक महिने इंडोनेशियन लष्कराच्या आशीर्वादाने वाढलेल्या मिलिशियांनी गावोगावी धमकावलं होतं. तरी सुमारे साडेचार लाख नोंदलेल्या मतदारांपैकी ९८.६ टक्के लोकांनी मतदान केलं. आणि मोजणीत एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती: गावोगावच्या मतपेट्या राजधानी दिलीत आणायच्या, मतपत्रिका एकत्र मिसळायच्या आणि मगच मोजायच्या. निकाल पूर्ण प्रदेशाचा एकच. कुठल्या गावाने काय मत दिलं हे कोणालाच कळू नये, म्हणजे कोणत्या गावावर सूड उगवायचा हेही कळू नये.

प्रायव्हसीवर काम करणाऱ्या कोणालाही हे डिझाइन आवडेल. पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना यातलं भोकही दिसेल. गटातल्या जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर गटात लपून काही उपयोग नसतो. ४ सप्टेंबरला निकाल आला: स्वायत्ततेच्या बाजूने ९४,३८८, विरोधात, म्हणजे स्वातंत्र्याकडे, ३,४४,५८०. साडेअठ्ठ्याहत्तर टक्के! आता मिलिशियांना गावांची यादी हवीच कशाला? दार ठोठवा, समोर येईल त्याने पाचातल्या चार वेळा 'नको' म्हटलेलं असणार. पूर्ण प्रदेशच एक गाव झाला होता.

पुढचे दोन आठवडे काय झालं ते वाचवत नाही. १९९९ सालच्या त्या हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं मारली गेली, संयुक्त राष्ट्रांचे स्थानिक कर्मचारीसुद्धा. शहरं जाळली, लाखो लोक घराबाहेर पडले किंवा पश्चिम तिमोरमध्ये हाकलले गेले. जीव धोक्यात आल्यावर निरीक्षकांना निघावं लागलं, आणि त्यांना मी दोष देणार नाही. नि:शस्त्र माणसाने वही घेऊन काय करायचं? दिलीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात हजारावर लोक आश्रयाला शिरले होते. त्यांना सोडून जायला तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी नकार दिला आणि शेवटी त्या लोकांनाही विमानाने ऑस्ट्रेलियात डार्विनला नेलं. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य उतरलं २० सप्टेंबरला. निकालानंतर सोळा दिवसांनी.

माझं भांडण त्या सोळा दिवसांशी आहे. सार्वमतावर देखरेख म्हटलं की यादी, पेटी, सील, मोजणी एवढंच आपल्या डोळ्यासमोर येतं, आणि नेमणूकपत्रातही साधारण तेवढंच असतं. म्हणजे रिलीझ झालं की सपोर्ट टीम घरी! मतदाराला धोका मात्र निकालाच्या सकाळी सगळ्यात जास्त असतो, कारण हरलेल्याला तेव्हाच कळतं की तो हरलाय. त्यामुळे निकालानंतर किती दिवस कोण थांबणार, आणि त्यांच्या रक्षणाला हरणाऱ्या बाजूचे पोलीस नसून कोण असणार, हे मतदानाची तारीख ठरण्याआधी कागदावर यायला हवं. यजमान देश यालाच हरकत घेत असेल तर?.. तर तारीख पुढे ढकला. तिमोरचं मतदान ८ ऑगस्टवरून दोनदा पुढे गेलंच होतं, आणखी एकदा गेलं असतं. यावर उलट युक्तिवाद आहे, आणि तो हलका नाही: हबीबींची खुर्ची डळमळीत होती, ती संधी गेली असती तर कदाचित मतदानच झालं नसतं, आणि २० मे २००२ ला पूर्व तिमोर स्वतंत्र देश झाला तो कधी झाला असता कोण जाणे. तिमोरी नेत्यांनी हा हिशोब करूनच धोका पत्करला. त्यांना तो अधिकार होता. न्यूयॉर्कमध्ये बसून सही करणाऱ्यांना तो होता असं मला वाटत नाही.

काल लिफ्टमध्ये काका भेटले. मी विचारलं, "काका, सही का नाही केलीत?" म्हणाले, "अरे, करारात भाडं किती महिन्यांचं ते लिहिलंय. उशीर झाला तर काय, ते नाही लिहिलं." तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात सेक्रेटरी उभे होते. आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो."