दुरुस्ती हीही चिकित्साच

स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. मी मात्र आज एका गळक्या यंत्राविषयी लिहिणार आहे. विषय वरवर पाहता घरगुती आहे. तथापि शेवटी तो आपल्याच दाराशी येऊन थांबतो, हे वाचकांना पटेल अशी आशा आहे.

आमच्याकडे अंगण व मोटार धुण्याचे एक प्रेशर वॉशर आहे. गेल्या दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ते सुरू केले, तेव्हा फवाऱ्यात जोर उरला नव्हता आणि यंत्राखाली पाण्याचे थारोळे साचू लागले होते. सेवाकेंद्रास दूरध्वनी केला. यंत्र न पाहताच पलीकडून उत्तर आले, की सुटे भाग मिळत नाहीत, संपूर्ण पंप बदलावा लागेल. त्याची किंमत ऐकता नवे यंत्र घेणेच परवडेल. मी हताश होऊन फोन ठेवला, तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षे माणसांची पोटे उघडलीत, मग हे प्लॅस्टिकचे पोट उघडायला भीती कसली?"

टोला वर्मी बसला. रुग्णाला हात न लावता, केवळ वयावरून "अवयव बदला" असे सांगणाऱ्या व्यावसायिकास आपण काय म्हटले असते? मग यंत्राच्या बाबतीत तेच उत्तर आपण निमूटपणे का स्वीकारतो?

निदानापूर्वी शरीररचना हवी. घरगुती प्रेशर वॉशरमध्ये मोटर एक तिरपी तबकडी फिरवते आणि ती तबकडी बहुधा तीन दट्ट्यांना आळीपाळीने पुढे ढकलते. प्रत्येक दट्ट्याला पाणी आत घेणारी एक व बाहेर सोडणारी एक अशा दोन एकमार्गी झडपा असतात. हृदयाशी साम्य सांगण्याची गरज नाही. फरक आहे तो दाबाचा. असे यंत्र सुमारे १०० बार दाब निर्माण करते. एक बार म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटर पारा. आपण १२० मिलिमीटर रक्तदाब मोजतो. या लहानशा पेटीतील दाब त्याच्या सहाशे पटींहून अधिक असतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

गळती कोठे आहे, हे शोधणे हाच दुरुस्तीचा मुख्य भाग. यंत्र पुसून कोरडे केले, खाली जुने वर्तमानपत्र अंथरले आणि मोटर बंद ठेवून केवळ नळ उघडला. कागद कोरडाच राहिला. म्हणजे पाणी आत येण्याच्या बाजूस दोष नव्हता. मोटर सुरू करताच कागद भिजू लागला. शिवाय पिस्तुलाचा चाप सोडल्यावर मोटर बंद पडायला हवी, ती पडे. पण थोड्या थोड्या वेळाने आपोआप गुरगुरून पुन्हा थांबे. आत कोंडलेला दाब हळूहळू निसटत असल्याची ती खूण. गळणारे पाणी स्वच्छ होते. ते दुधासारखे पांढुरके असते, तर पंपातील तेल पाण्यात मिसळत आहे असे समजून मी तेथेच थांबलो असतो. निष्कर्ष असा, की दोष अतिदाबाच्या बाजूस, बहुधा नळी पंपाला जोडली जाते त्या सांध्यात होता.

आणि येथे माझ्या हातून एक गंभीर चूक होता होता राहिली. मोटर चालूच होती. सांध्यातून पाण्याची केसासारखी बारीक चिळकांडी उडताना दिसली आणि माझा अंगठा आपोआप तिच्याकडे गेला. रक्तस्राव दिसला की बोट दाबायचे, हे शल्यविशारदाच्या हातात मुरलेले असते. अंगठा वीतभर अंतरावर असताना मला एक जुना चेहरा आठवला आणि मी हात मागे घेतला.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गॅरेजमधील तरुण कारागीर सायंकाळी माझ्याकडे आला. ग्रीस भरण्याच्या यंत्राची नळी कोठे फुटली आहे, हे तो बोटाने चाचपत होता. डाव्या तर्जनीच्या टोकाला टाचणी टोचल्याएवढे छिद्र होते. रक्त नव्हते, वेदनाही बेताची होती. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, प्रतिजैविक लिहून दिले आणि त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, तेव्हा बोट ताठरलेले, पांढुरके आणि असह्य दुखणारे होते. हाताच्या शल्यविशारदाकडे तातडीने पाठवले. परंतु बोट वाचले नाही. त्या तरुणाने मला कधी दोष दिला नाही. दोष माझा होता, हे मात्र मी जाणून आहे.

या इजेचे स्वरूपच फसवे आहे. त्वचा भेदण्यास सात बारच्या आसपासचा दाबही पुरतो. आत शिरलेला द्रव कंडरांच्या आवरणातून व ऊतींच्या थरांतून दूरवर पसरतो, आतील दाब वाढवून रक्तपुरवठा तोडतो आणि रासायनिक दाह निर्माण करतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३५ रुग्णांच्या आढाव्यात अवयवच्छेदाचे प्रमाण ३० टक्के आढळले. रंग व विद्रावके सर्वांत घातक, ग्रीसही वाईट. पाण्याने होणारी इजा तुलनेने सौम्य. परंतु त्यात साबण, माती व जंतू मिसळलेले असतात, म्हणून तीही तातडीचीच समजावी. छिद्र लहान म्हणून इजा लहान, असे मानू नये. केव्हा घडले, कोणता द्रव होता, किती दाब होता, हे विचारावे. क्ष-किरण चित्र काढावे आणि हाताच्या शल्यविशारदास त्याच रात्री कळवावे, सकाळची वाट पाहू नये. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. हाताचे बोट हे तपासणीचे साधन आहे. या एका ठिकाणी मात्र नाही.

पुढील दुरुस्ती सोपी होती. प्लग काढला, नळ बंद केला आणि चाप दाबून आतला दाब पूर्ण सोडला, कारण यंत्र बंद केले तरी नळीत दाब कोंडून राहतो. सांधा उघडला. आत बांगडीसारखी एक रबरी ओ-रिंग होती. चपटी झालेली, एका बाजूस चिरलेली. जिच्यामुळे संपूर्ण पंप बदलायला सांगितला होता, ती हीच.

ओ-रिंगचे तत्त्व मनोहर आहे. खाचेत ती थोडी दबून बसते आणि पाण्याचा दाब तिला फटीकडे ढकलतो. म्हणजे दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट बसते. अट एकच, की रबराची लवचिकता टिकली पाहिजे. प्रेशर कुकरची जुनी रिंग शिट्टीऐवजी फुसफुस का करते, याचे कारणही तेच. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाचा जो अपघात झाला आणि सात अंतराळवीर प्राणास मुकले, त्याच्या मुळाशीही अशाच रबरी कड्या होत्या. थंडीत त्यांची लवचिकता मंदावली होती. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी सावध केले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. लहान भागाची उपेक्षा किती महाग पडते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागू नये.

जुनी कडी घेऊन मी सियागंजात गेलो. रबरी सामानाच्या दुकानदाराने विचारले, "डॉक्टर साब, नमूना लाए हो?" आयुष्यभर इतरांकडे नमुने मागणाऱ्यास तो प्रश्न गमतीचा वाटला. त्याने आतला व्यास व जाडी मोजली आणि त्याच मापाच्या दोन कड्या पंधरा रुपयांना दिल्या. खाचेत बोअरवेलच्या जड पाण्याचा पांढरा थर जमला होता, तो व्हिनेगरने सोडवला. धातूची अणकुचीदार वस्तू वापरली नाही, कारण खाचेवर एक ओरखडा उठला तरी नवी कडीही गळू लागते. वंगण म्हणून व्हॅसलीन लावण्याचा मोह झाला होता. परंतु पेट्रोलियम जेलीने लॅटेक्सचे हातमोजे खराब होतात हे आपण जाणतो; काही जातींचे रबर तिने फुगते. कडी कोणत्या रबराची हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. सांधा हाताने बेताचा आवळला, पाणी सोडून आतली हवा काढली आणि मगच मोटर सुरू केली. कागद कोरडा राहिला.

काही मित्र विचारतील, की डॉक्टरच्या दोन तासांची किंमत पंधरा रुपयांच्या कडीपेक्षा जास्त नाही काय? दुसरे म्हणतील, की हे काम कारागिराचे, तुम्ही त्याच्या पोटावर का येता? पहिल्यास माझे उत्तर असे, की हिशेब केवळ माझ्या वेळेचा नाही. एका कडीसाठी मोटर, तांबे, प्लॅस्टिक असा सगळा ऐवज भंगारात जावा, ही उधळपट्टी कोणाच्याही हिशेबात बसत नाही. दुसरे उत्तर महत्त्वाचे आहे. कारागिराच्या पोटावर मी आलेलो नाही; सुटा भाग न विकणारा, खास आकाराचे स्क्रू बसवून यंत्र बंद करणारा आणि आराखडा दडवणारा उत्पादक त्याच्या पोटावर आला आहे. तो भाग मिळाला असता, तर मी आनंदाने यंत्र कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे दिले असते.

सर्वांनी सर्व काही उघडून बसावे, असे माझे म्हणणे नाही. सांधा, नळी, गाळणी, ओ-रिंग हे घरी करावे. मोटरचे वेटोळे, कपॅसिटर, विजेची जोडणी व पंपाच्या तेलाकडील सील हे जाणकाराकडे सोपवावे. वॉरंटीत असलेल्या यंत्रास हात लावू नये. आपली मर्यादा ओळखणे हेही चिकित्सेचेच अंग आहे.

जगात या दिशेने हालचाल आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर, दुरुस्ती किती सुलभ आहे याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात प्रेशर वॉशरही त्या यादीत आले. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. प्रारंभी चार क्षेत्रे निवडली गेली: शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. या चारांत रुग्णालयातील उपकरणे नव्हती, आणि येथेच हा विषय आपला होतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यांतील किती एखाद्या फ्यूजसाठी, नळीसाठी किंवा अशाच एखाद्या कडीसाठी पडून असतील? ज्या गावात दुसरे यंत्र नाही, तेथे बंद पडलेला सक्शन पंप म्हणजे केवळ मालमत्तेचे नुकसान नव्हे. रुग्णालयातील यंत्र डॉक्टरने स्वतः उघडावे असे मी चुकूनही सुचवणार नाही. ते प्रशिक्षित जैववैद्यकीय अभियंत्याचेच काम. परंतु त्या अभियंत्याच्या हाती भाग व आराखडा पडला पाहिजे, हे पाहणे खरेदीपत्रावर सही करणाऱ्या आपले काम आहे.

म्हणून आपल्या संस्थेसमोर दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्यापैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी नवे उपकरण घेताना किमान दहा वर्षे सुटे भाग व दुरुस्तीपुस्तिका मिळण्याची अट लेखी घालावी. एकट्याचे कोणी ऐकत नाही. पंचवीस जणांनी तीच अट घातली, तर विक्रेत्यास विचार करावा लागेल. दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. आपल्या इंदुरात मोटारी धुण्याची केंद्रे व गॅरेजे गल्लोगल्ली आहेत. तेथील मुलांसाठी, हिंदीत व मराठीत, एका पानाचा फलक आपण तयार करावा: गळती बोटाने चाचपू नका, टोचले तर छिद्र लहान असले तरी लगेच रुग्णालयात जा, कोणता द्रव होता ते सांगा. आणि तोच फलक आपापल्या अपघात विभागातही लावावा, कारण त्या सायंकाळी चूक केवळ त्या तरुणाची नव्हती.

आमचे यंत्र आता व्यवस्थित चालते. दुसरी कडी मी टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे.